युद्धग्रस्त भागातील मिशन रुग्णालयात सर्जन म्हणून जाताना श्रद्धा सोबत न्यावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही जनरल सर्जरीचे पदव्युत्तर शिक्षण नुकतेच पूर्ण केले आहे. तुमच्या मंडळीशी, म्हणजे चर्चशी, संबंध असलेल्या एका संस्थेने तुम्हाला दक्षिण सुदानमधील मिशन रुग्णालयात दोन वर्षांसाठी बोलावले आहे. जिवाच्या भीतीने घरच्यांचा विरोध आहे. त्यात तुमच्या मैत्रिणीने असे म्हटले, की युद्धात सर्वस्व गमावलेल्या माणसाला औषधाबरोबर देवही देऊ करणे म्हणजे त्याच्या अगतिकतेचा फायदा घेणे होय, आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. श्रद्धा घरी ठेवून जावे, सोबत न्यावी, की जाऊच नये, असे तुम्ही विचारले आहे.

मी सर्जन आहे. महाराष्ट्रातील एका जुन्या मिशन रुग्णालयात अकरा वर्षे आणि पुढे २०१२ ते २०१८ या काळात दक्षिण सुदानच्या अप्पर नाईल भागात, चर्चने चालवलेल्या एका रुग्णालयात मी काम केले. त्या रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण माझे तेथील सहकारी आजही त्याच परिस्थितीत राहतात. तुम्ही जावे की नाही, हे मी इतक्या दुरून सांगू शकत नाही. ते संस्था कोणती आहे, रुग्णालय कोणाच्या ताब्यातील प्रदेशात आहे, तुमचा हात कोणत्या शस्त्रक्रियांवर बसलेला आहे आणि तुमच्या घरी तुमच्यावर कोण अवलंबून आहे, यांवर ठरेल. श्रद्धेच्या प्रश्नावर मात्र माझे मत पक्के आहे. ते मत मला पुस्तकांतून मिळाले नाही, एका रुग्णाच्या मामाने दिले. म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

२०१२ च्या पावसाळ्यात सुदानच्या ब्लू नाईल प्रांतातून हजारो निर्वासित सीमा ओलांडून आमच्या भागात येत होते. तिकडे सुदान सरकारची विमाने गावांवर बॉम्ब टाकत होती. आलेल्यांपैकी बहुतेक जण मुसलमान होते. त्यांच्यातील सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या मामाने गाढवावर बसवून कित्येक दिवस चालत आमच्याकडे आणले. बॉम्बच्या तुकड्याने त्याच्या उजव्या मांडीचे हाड मोडले होते आणि जखमेत पू झाला होता. महाराष्ट्रात मी ज्या रुग्णालयात घडलो, तेथे शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करण्याची पद्धत होती. त्याच सवयीने मी त्या मुलाच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना केली. अरबी जाणणाऱ्या परिचारिकेने ती वाक्यावाक्याने भाषांतर करून सांगितली. मामाने मान खाली घातली आणि शेवटी ‘आमीन’ म्हटले. मला फार बरे वाटले.

जखम साफ करून आम्ही ती उघडी ठेवली, नडगीच्या वरच्या भागातून पिन घातली आणि पायाला वजन लावले. वजन म्हणजे पाण्याने भरलेला पिवळा जेरीकॅन, खाटेच्या टोकाशी दोरीने लोंबणारा. पाणी कमी-जास्त करून किलोंचा हिशेब बसवायचा. मामा खाटेजवळच जमिनीवर झोपत असे आणि रोज सकाळी त्या जेरीकॅनमधील पाण्याची पातळी बोट लावून तपासत असे. पाच आठवड्यांनी, एका संध्याकाळी मी वॉर्डातून निघालो असता त्याने मला थांबवले आणि अतिशय नम्रपणे विचारले, “डॉक्टर, त्या दिवशी मी मान खाली घातली नसती, तर तुम्ही याला आत नेले असते का?”

मी अर्थातच म्हणालो, की नेले असते, त्यात शंकाच नाही. त्याने मान हलवली. पण त्याचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, हे मला आजही माहीत नाही. पाच आठवडे तो माणूस त्या खाटेशी हा प्रश्न मनात धरून बसला होता. मुलाचा पाय अजून माझ्या हातात होता, म्हणून त्याने तो विचारला नव्हता. हाड जुळल्याचे दिसले, तेव्हा त्याने विचारले.

तुमची मैत्रीण ज्याला अगतिकता म्हणते, ती ही. ती खरी आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून कोणत्याही मिशन रुग्णालयात जाऊ नये. मात्र त्या अगतिकतेचे मूळ तुमच्या श्रद्धेत नसते. शंभर मैलांच्या परिसरात सुरी, भूल, प्रतिजैविके आणि जनरेटर ज्या एकाच माणसाच्या ताब्यात आहेत, त्याला समोरचा कोणीही ‘नाही’ म्हणू शकत नाही. तो माणूस निरीश्वरवादी असला आणि रुग्णाचे फोटो काढण्यासाठी परवानगी मागत असला, तरीही रुग्ण ‘हो’च म्हणतो. वर्तमानपत्राचा वार्ताहर घेऊन आलेल्या धर्मनिरपेक्ष संस्थांच्या पाहुण्यांसमोरही मी तोच होकार पाहिला आहे. म्हणून ‘मी रुग्णाची संमती घेतली होती’ एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. ज्याला नकार देता येत नाही त्याच्याकडून, उपचाराला आवश्यक असलेल्या गोष्टींपलीकडे, काहीही मागायचेच नाही, असा नियम मी त्या संध्याकाळनंतर स्वतःला घालून घेतला. प्रार्थनेत सहभाग हीसुद्धा मागणीच असते.

यातून प्रत्यक्ष कामात काय बदलले, ते सांगतो. सकाळची प्रार्थना आम्ही वॉर्डातून हलवली. खाटेला जखडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, त्यामुळे वॉर्डात केलेली उपासना ही त्याच्यावर लादलेली उपासना असते. आवारात एक मोठा कडुलिंब होता. हे झाड सुदानकडे आपल्याच भागातून गेलेले आहे आणि त्याच्याखाली बसले की मला गावाकडे आल्यासारखे वाटत असे. तेथे ज्याला यायचे असेल तो येई. शस्त्रक्रियेपूर्वीची प्रार्थना मी सोडली नाही. ती आम्ही कर्मचारी हात धुण्याच्या जागी, रुग्णाला आत आणण्यापूर्वी, आपसात करू लागलो. रुग्णाने किंवा नातेवाइकाने स्वतः मागितली, तर त्याच्याजवळ बसून प्रार्थना करायला मी कधीही मागेपुढे पाहिले नाही, आणि मागणारे पुष्कळ होते. धान्य, घोंगड्या, साबण यांचे वाटप करणारी माणसे आणि पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हे कधीही एक नसावेत, एका वेळी एका जागी दिसूही नयेत, यावर मी भांडून अडून बसलो. निर्वासितांच्या छावणीतील शेख, म्हणजे मुसलमान धर्मप्रमुख, यांना आम्ही आठवड्यातून एकदा वॉर्डात येण्याची विनंती केली. मुसलमान रुग्ण गेला, तर त्याला आंघोळ घालण्यासाठी पाणी, पांढरे कापड आणि सूर्य मावळण्यापूर्वी दफन होईल अशी घाई, ही आमच्या रुग्णालयाची जबाबदारी मानली.

या बदलांना आमच्या काही हितचिंतकांचा विरोध झाला. मिशन रुग्णालयात प्रभूचे नाव मोठ्याने घ्यायचे नाही तर मग मिशन कशासाठी, असे पत्र मला देणगीदार मंडळीकडून आले. त्यांचा राग मी समजू शकत होतो, कारण त्यांच्या आजी-आजोबांनी पैसा-पैसा जमवून असे दवाखाने उभे केले होते. मी त्यांना एवढेच लिहिले, की बायबलमधील चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे जखमीला मदत करणाऱ्या परक्या वाटसरूच्या, दाखल्यात वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला त्याचा धर्म कोणी विचारलेला नाही, आणि पट्टी बांधून झाल्यावर त्याला उपदेश केल्याचाही उल्लेख नाही. शोमरोनी फक्त पुढच्या खर्चासाठी उतारशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, मालकाकडे पैसे ठेवून जातो.

युद्धातील मदतकार्यात श्रद्धा आणि निःपक्षपातीपणा या दोन विरुद्ध गोष्टी आहेत, असे हल्ली बोलले जाते. इतिहास तसे सांगत नाही. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सॉल्फेरिनोची लढाई झाली. त्यानंतर शेजारच्या कास्तिलिओने गावातील चर्चमध्ये जखमींची व्यवस्था लावणारा आँरी द्युनाँ हा अत्यंत धार्मिक वृत्तीचा माणूस होता. जिनिव्हात तरुण ख्रिस्ती लोकांची संघटना उभारण्यात त्याचा पुढाकार होता. गावातील बायकांनी फ्रेंच आणि ऑस्ट्रियन, दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या जखमा सारख्याच मायेने धुतल्या. त्या दृश्यातून रेड क्रॉसची कल्पना निघाली. पुढे १९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून आपत्तीतील कामासाठी आचारसंहिता तयार केली. तिच्या प्रवर्तकांमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही परंपरांतील जागतिक संस्था होत्या. मदतीचा उपयोग एखादी राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी होणार नाही, असे तिचे तिसरे कलम सांगते. संस्थेला स्वतःची धार्मिक मते बाळगण्याचा आणि मांडण्याचा हक्क आहे, मात्र मदतीचे आश्वासन किंवा वाटप कोणत्याही पंथाच्या स्वीकाराशी जोडता येणार नाही, असा तिचा आशय आहे. तुम्हाला बोलावणाऱ्या संस्थेला ही आचारसंहिता मान्य आहे का, हे लेखी विचारा. उत्तर टाळले गेले, तर तेही उत्तरच समजा.

दक्षिण सुदानबद्दल एक गोष्ट महाराष्ट्रात बसून लक्षात येत नाही. तेथील बहुसंख्य लोक स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात, त्यामुळे आपल्याकडे ‘मिशनरी’ म्हटले की लगेच येणारा धर्मांतराचा वाद तेथे फारसा उपस्थितच होत नाही. तेथील कसोटी वेगळी आहे. १५ डिसेंबर २०१३ रोजी राजधानी जुबामध्ये जे युद्ध पेटले, ते सत्तेच्या भांडणातून पेटले आणि बघता बघता दिन्का आणि न्यूर या जमातींमध्ये पसरले. दोन्हीकडचे लोक ख्रिस्ती होते. एकाच स्तोत्रसंग्रहातील गाणी दोन्हीकडे गायली जात होती. अशा ठिकाणी तुमच्या मंडळीचे स्थानिक पाळक कोणत्या जमातीचे आहेत आणि तिचे बिशप कोणाबरोबर जेवले, यावरून तुमच्या रुग्णालयाचा पक्ष ठरवला जातो. आमच्या पुरुष वॉर्डात दोन्ही बाजूंचे जखमी तीन-तीन फुटांच्या अंतरावर असत. बंदुका फाटकाबाहेर ठेवायच्या, हा एकच नियम आम्ही कोणासाठीही मोडला नाही. एकदा एका अधिकाऱ्याने कमरेचे पिस्तूल काढण्यास नकार दिला, तेव्हा आमची मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख, जी त्याच्याच जमातीची होती, फाटकाच्या चौकटीत खुर्ची टाकून बसली आणि पाऊण तास एक शब्दही न बोलता बसून राहिली. शेवटी त्याने पिस्तूल चालकाकडे दिले. मला ते जमले नसते. परदेशी डॉक्टराच्या अंगावर तो धावून आला असता, आपल्या आईच्या वयाच्या बाईच्या अंगावर जाणे त्याला शक्य नव्हते.

आता श्रद्धेच्या दुसऱ्या बाजूबद्दल. इतके सगळे बंधन घातल्यावर श्रद्धेला काम तरी काय उरते, असे तुम्हाला वाटेल. माझ्या पाहण्यात तिचे सर्वांत मोठे काम माणसाला तेथे टिकवून धरणे हे आहे. सुदानच्या नुबा पर्वतात, गिडेल येथे ‘मदर ऑफ मर्सी’ हे कॅथलिक रुग्णालय २००८ मध्ये सुरू झाले. तेथे गेलेले डॉ. टॉम कॅटेना हे अमेरिकन सर्जन पाद्री नाहीत, श्रद्धेपोटी गेलेले सामान्य कॅथलिक आहेत. जून २०११ मध्ये तेथे युद्ध सुरू झाल्यावर बहुतेक परदेशी माणसे बाहेर पडली, ते राहिले. विमानाचा आवाज आला की रुग्णांनी खाटांवरून उतरून आवारात खणलेल्या खड्ड्यांत पडून राहायचे, अशी तेथील रीत झाली, आणि मे २०१४ मध्ये बॉम्ब खुद्द रुग्णालयाच्या आवारात पडले. नुबा पर्वतात एकाच घरात मुसलमान, ख्रिस्ती आणि पारंपरिक धर्म पाळणारी माणसे सापडतात आणि त्या रुग्णालयात तिघेही शेजारी-शेजारी निजतात.

दुसरे उदाहरण उत्तर युगांडातील गुलूजवळच्या लाकोर रुग्णालयाचे. ते मी अधिक जवळचे मानतो. कोंबोनी या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या या छोट्या दवाखान्यात १९६१ मध्ये पिएरो कोर्ती आणि ल्युसिल टीसडेल हे डॉक्टर दांपत्य आले आणि त्यांनी आपले आयुष्य तेथे काढले. ल्युसिल सर्जन होत्या. युद्धातील जखमींवर शस्त्रक्रिया करताना त्यांना एचआयव्हीचा संसर्ग झाला, तो १९८५ मध्ये कळला, आणि त्यानंतरही त्या वर्षानुवर्षे काम करत राहिल्या. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीचे बंडखोर रात्री गावांतून मुले पळवून नेऊ लागले, तेव्हा हजारो बायका-मुले रोज संध्याकाळी चटया घेऊन लाकोरच्या आवारात झोपायला येत आणि सकाळी परत जात. औषधाचा एक थेंबही न देता रुग्णालय काय करू शकते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला माहीत नाही. भिंत आणि फाटक, एवढेच त्या लोकांना हवे होते.

मात्र लाकोरमध्ये मी सर्वांत जास्त ज्यांचा विचार करतो, ते कोर्ती दांपत्य नव्हे. ते म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेले डॉ. मॅथ्यू लुक्विया. ते स्वतः अचोली होते, म्हणजे ज्या लोकांवर ते युद्ध कोसळले होते त्यांच्यापैकीच एक. नन्सना पळवून नेण्यासाठी बंडखोर आले, तेव्हा डॉ. लुक्वियांनी नन्सऐवजी स्वतःला नेण्यास सांगितले आणि डॉक्टरी कोटावर काही दिवस बंडखोरांबरोबर जंगलात काढले. २००० मध्ये गुलूमध्ये इबोलाची साथ आली तेव्हा त्यांनी ती सर्वप्रथम ओळखली, आपल्या परिचारिकांना धीर दिला आणि त्याच आजाराने ५ डिसेंबर २००० रोजी ते गेले. त्या साथीत २२४ माणसे दगावली. कोर्ती दांपत्याच्या मिशनचे फळ कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी इमारती दाखवणार नाही, डॉ. लुक्वियांचे नाव घेईन.

हे सांगण्याचे कारण असे, की ‘टिकून राहणे’ याबद्दल आपण बाहेरून गेलेली माणसे स्वतःची फसवणूक करून घेऊ शकतो. जुलै २०१६ मध्ये जुबात पुन्हा लढाई पेटली आणि माझ्या संस्थेने परदेशी कर्मचाऱ्यांना बाहेर काढण्याचे ठरवले. भर पावसाळा होता. तेथील काळी माती आपल्या रेगूर मातीसारखीच आहे, पावसात फुगते आणि रस्ता म्हणून काही उरतच नाही, त्यामुळे आमचा जगाशी संबंध त्या एका धावपट्टीपुरता होता. विमानात आम्हा चार परदेशी माणसांसाठी जागा होती. आमच्या ३१ स्थानिक कर्मचाऱ्यांसाठी नव्हती. मेट्रनने माझी पिशवी उचलून धावपट्टीपर्यंत आणली. मी गेलो. जाऊ नये असे मला वाटत होते, पण आज विचार करताना जाणे चूक होते असेही मला म्हणता येत नाही, कारण परदेशी सर्जन पळवला गेला, तर सगळे रुग्णालय ओलीस धरले जाते, आणि हा धोका आमच्या स्थानिक सहकाऱ्यांनीच मला समजावून सांगितला होता.

अकरा आठवड्यांनी परत आलो, तेव्हा मेट्रनने शस्त्रक्रियेचे रजिस्टर माझ्यासमोर ठेवले. लढाई जवळ आली तेव्हा ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिने जमिनीत पुरले होते, त्यामुळे त्याच्या कडा ओलसर आणि तपकिरी झाल्या होत्या. आतील नोंदी पूर्ण होत्या. आमच्या क्लिनिकल ऑफिसरने, म्हणजे डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्याने, त्या काळात एकट्याने १४ सिझेरियन केली होती. १३ आया जगल्या. जी गेली, तिच्या नावासमोर त्याने ‘रक्त मिळाले नाही’ असे लिहून खाली सही केली होती. मी त्याला चार वर्षे सिझेरियन शिकवत होतो आणि दर वेळी, थोडे अवघड दिसले की सुरी स्वतःच्या हातात घेत होतो. त्या रजिस्टरसमोर बसून मला कळले, की मी त्याला शिकवायला हवे होते त्यापेक्षा पुष्कळ कमी शिकवले होते. त्यानंतरच्या दोन वर्षांत मी शस्त्रक्रिया कमी केल्या आणि टेबलाच्या पलीकडे साहाय्यकाच्या जागी अधिक उभा राहिलो. माझ्या सहा वर्षांच्या कामातील उपयोगी वर्षे मी हीच दोन मानतो.

मिशनच्या खुणेमुळे संरक्षण मिळेल, अशा भ्रमातही राहू नका. काँगोच्या पूर्व भागातील लेमेरा येथे मिशनचे मोठे रुग्णालय होते. डॉ. डेनिस मुक्वेगे, ज्यांना पुढे २०१८ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, ते तेथील प्रमुख डॉक्टर होते. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्या रुग्णालयावर हल्ला झाला आणि रुग्णांना खाटांवर मारण्यात आले. १९४९ चे जिनिव्हा करार जखमींच्या आणि रुग्णालयांच्या बाजूने उभे आहेत, पण सीमेवरील चौकीत मद्य प्यायलेल्या विशीतल्या पोराला ते ठाऊक असतातच असे नाही. रुग्णालयाला खरे संरक्षण मिळते ते आसपासच्या लोकांकडून, आणि तेही दोन्ही बाजूंच्या माणसांना तेथे सारखे वागवले जाते अशी ख्याती असेल तर. म्हणून निःपक्षपातीपणा हा तेथे नैतिकतेइतकाच जीव वाचवण्याचा प्रश्न आहे.

तुम्ही कौशल्याबद्दल काहीही विचारलेले नाही, याची मला थोडी काळजी वाटली, म्हणून तेही लिहितो. आपल्या मोठ्या शहरांतील रुग्णालयांत शिकलेल्या सर्जनचा हात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर बसलेला असतो आणि निर्णय सीटी स्कॅनवर अवलंबून असतो. तेथे दोन्ही नसते. बंदुकीची किंवा बॉम्बच्या तुकड्याची जखम पहिल्याच दिवशी टाके घालून बंद करायची नाही, हा साधा नियमसुद्धा नवे सर्जन मोडतात, कारण बंद जखम नीटनेटकी दिसते. मेलेले स्नायू कापून काढायचे, जखम उघडी ठेवून सैल ड्रेसिंग करायचे, आणि ती स्वच्छ राहिली तर चौथ्या-पाचव्या दिवशी टाके घालायचे. घाईने शिवलेल्या मांडीत गॅस गँग्रीन होऊन पाय कापावा लागल्याचे मी पाहिले आहे. शिवाय युद्धभूमीत गेलो म्हणजे दिवसभर गोळ्याच काढायच्या, अशी कल्पना असेल, तर ती सोडून द्या. आमच्याकडे गोळी लागलेल्या एका माणसामागे मलेरिया आणि गोवर झालेली, कुपोषणाने सुकलेली कितीतरी मुले आणि दोन-दोन दिवस अडलेल्या बाळंतिणी येत. युद्धाने रस्ता, लस आणि पेरणी बंद पाडलेली असते, तेथे मरणे गोळीची वाट पाहत नाहीत. काळा आजार, ज्याचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आपल्याच देशातून गेले आहे, तो तेथे फार आहे. माझ्या काळात त्यासाठी रोज दोन इंजेक्शने, अशी १७ दिवस द्यावी लागत, आणि गोळीबार सुरू झाला की नवव्या-दहाव्या दिवशी रुग्ण पळून जाई.

म्हणून जाण्यापूर्वी किमान सहा महिने अशा ठिकाणी काढा, जेथे सर्जनला सिझेरियन, फाटलेले गर्भाशय, हाडाला बाहेरून बसवायची सळई, त्वचारोपण, केटामाइनची आणि पाठीच्या कण्यातील भूल हे सर्व स्वतः करावे लागते. महाराष्ट्रात आणि मध्य भारतात आदिवासी भागांतील रुग्णालये आहेत, जुनी मिशन रुग्णालये आहेत, हेमलकसासारखी ठिकाणे आहेत. तेथे नम्रपणे जाऊन काम मागा. अपुऱ्या कौशल्याने केलेली सेवा कितीही श्रद्धेने केली, तरी तिची किंमत रुग्णच मोजतो.

घरच्यांबद्दल थोडेच लिहितो, कारण तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न आहे. अशा वेळी मराठी घरांत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव हमखास निघते. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच गेले. ते कोणत्याही मिशनचे नव्हते, त्यांना नेणारी निष्ठा वेगळी होती, पण चीनमध्ये असतानाच त्यांना वडील गेल्याचे कळले आणि ते मागे फिरले नाहीत. आपण हे अभिमानाने सांगतो. सोलापुरातील त्या घरात तेव्हा काय झाले असेल, याचाही विचार जाणाऱ्याने करावा. आईवडिलांना श्रद्धेचा दाखला देऊन गप्प करू नका. विमा युद्धातील दुखापतीला लागू आहे का, बाहेर काढण्याचा निर्णय कोण घेणार, किती दिवसांनी फोन होईल, त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी कोण करून देणार, या प्रश्नांची लेखी उत्तरे संस्थेकडून मिळवा आणि ती त्यांच्यासमोर ठेवा. त्याच पत्रात आणखी एक प्रश्न घाला, जो सहसा कोणी विचारत नाही: परदेशी डॉक्टरांना बाहेर काढले, तर स्थानिक कर्मचाऱ्यांचा पगार चालू राहतो का, आणि त्यांच्यासाठी कोणती व्यवस्था आहे?

उत्तरे समाधानकारक असतील, तर लगेच दोन वर्षांचा करार करू नका. जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत, धावपट्टी चालू असताना, स्वखर्चाने का होईना, तीन-चार आठवड्यांसाठी जाऊन या. पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रियागृहात पाऊल टाकू नका. रात्रपाळीच्या परिचारिकेबरोबर वॉर्डात बसा, तिच्याकडून नमस्काराचे शब्द शिका, आणि दोन-चार रात्रींनी तिला तुमच्यासमोर मोकळे बोलता येऊ लागले, की विचारा, मागचे डॉक्टर निघून गेले तेव्हा येथे काय झाले होते. ती जे सांगेल ते सगळे ऐकून घ्या आणि मग करारावर सही करायची की नाही ते ठरवा.